वादळाच्या पोटातलं ऊन

"बाय, गाडी न्यायची तर आत्ता न्या. मग चाकं असून उपयोग नाय."

अब्बास सारंग गाडीच्या दारात उभा राहून मला सांगत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून बंदराकडे बघत होते. वेळण्यातला सगळा गाव छपरांवर चढला होता. बायका खालून मासेमारीची जुनी जाळी वर फेकत होत्या. पुरुष ती कौलांवर पसरून कडांना जांभे दगड बांधत होते. होड्या पाण्यातून ओढून पार देवळाच्या आवारात आणल्या होत्या आणि माडांच्या बुंध्यांना जखडल्या होत्या. दोघं जण माडावर चढून नारळ उतरवत होते, कारण मोठ्या वाऱ्यात नारळ तोफगोळ्यासारखा सुटतो. वारा अजून अंगाला बरा वाटेल इतकाच होता.

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. एसटीत कंडक्टर होऊन तीन वर्षं झाली होती. वेळण्याची पहिली गाडी माझ्याकडे असायची. पहाटे डेपोतून निघायची, साडेसहाला बंदरावर पोचायची आणि उतारू घेऊन परत. त्या दिवशी निघतानाच सांगितलं होतं, ही एकच फेरी. ज्यांना तालुक्याला यायचंय त्यांना घेऊन या, मग वाहतूक बंद. वादळ दुपारी किनाऱ्यावर येणार होतं.

"माटलमामा, निघायचं का?" मी ड्रायव्हरला विचारलं.

दत्ताराम माटल निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. तीस वर्षं याच रस्त्यावर गाडी चालवलेली. त्यांनी घड्याळ बघितलं. "भुवड यायचेत. त्यांच्या बायकोचा काल फोन आला होता. डायलिसिसचा दिवस आहे."

भुवडांची वाडी बंदरापासून वर डोंगरात, पाऊण तासाच्या पायवाटेवर. आठवड्यातून दोनदा रमाकांत भुवड आणि त्यांची बायको शेवंती माझ्या गाडीने तालुक्याच्या दवाखान्यात जायची. सोमवारी तापामुळे त्यांचं डायलिसिस चुकलं होतं. आता शुक्रवार.

गाडीत पंधरा माणसं बसली होती. कुणी तरी म्हणालं, "एकासाठी सगळ्यांना थांबवताय?" मी म्हटलं, "थांबायचं." खरं तर माझाही जीव टांगणीला लागला होता, पण शेवंतीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

ती आली तेव्हा साडेआठ वाजले होते. चौघांनी भुवडांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. त्यांचे पाय सुजून चकचकीत झाले होते. आणणारे चौघं लगेच माघारी वळले. त्यांची घरं बांधायची राहिली होती.

सारंगही चढला. मी दोन टोले दिले. गाडी निघाली.

आमचा रस्ता असा होता. आधी डोंगराच्या कडेने बारा किलोमीटर, मग उतार, आणि उताराच्या पायथ्याशी केवणीची खाडी. खाडीवर पूल नव्हता, मातीदगडाचा बांध घालून त्यावरून रस्ता नेला होता, साधारण एक किलोमीटरचा. तो ओलांडला की हमरस्ता, आणि मग तालुका वीस मिनिटांवर.

पहिल्या सहा किलोमीटरमध्येच वाऱ्याने रंग दाखवला. रस्त्यावर फांद्या पडत होत्या. माटलमामा गाडी थांबवायचे, दोघं तिघं उतरून फांदी ओढायचे, पुन्हा पुढे. एकदा गाडी एका बाजूने उचलल्यासारखी झाली आणि सगळ्या बायकांनी एकदम देवाचं नाव घेतलं. माटलमामांनी मात्र दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं होतं.

उताराच्या तोंडाशी आलो आणि समोर दोघांच्या कवेत न मावणारा आंबा आमच्या डोळ्यांदेखत आडवा झाला. आवाज आला नाही. वाऱ्याच्या आवाजात तो ऐकूच आला नाही. नुसता हळूच झुकला आणि रस्ताभर पसरला.

तिथून पन्नास पावलांवर, रस्त्याच्या वरच्या अंगाला, एक बर्फाचा कारखाना होता. मासळीसाठी बर्फ करायचे तिथे. जाड भिंती, वर सिमेंटचा स्लॅब, लोखंडी सरकता दरवाजा. राखणदाराने दार उघडलं. आम्ही एकमेकांचे हात धरून, वाकून, एकेक करत आत शिरलो. भुवडांना माटलमामांनी पाठुंगळी घेतलं.

पुढचे तीन तास मला नीट सांगता येत नाहीत. वीज गेली होती, फोन मुके झाले होते. आत गारठा आणि मिठागरासारखा वास. बाहेरचा आवाज चढत चढत इतका चढला, की आम्ही बोलणंच सोडलं. दाराच्या फटीतून एक डोळा लावून बघितलं तर पाऊस आडवा चालला होता. वर्षानुवर्षं पाहिलेला समोरचा डोंगर नव्हताच तिथे. कुठल्या तरी घराचे पत्रे कागदासारखे खाडीच्या दिशेने गेले. वारा डोंगरावरून खाली, समुद्राकडे वाहत होता.

भुवडांना तहान लागत होती. त्यांना पाणी मोजून प्यायचं असतं. राखणदाराने बर्फाच्या लादीचा तुकडा फोडून दिला आणि शेवंती त्याच्या कपच्या एकेक करून त्यांच्या जिभेवर ठेवत राहिली.

एकच्या सुमाराला आवाज थांबला.

कमी नाही झाला, थांबला. कुणी दार लावून घ्यावं तसा. कानात दडा बसला होता तो टचकन सुटला, आणि इतका वेळ ऐकू न आलेलं काय काय ऐकू यायला लागलं. छपरावरून पाणी ठिबकत होतं. एक बाई स्फुंदत होती. भुवडांचा श्वास घरघरत होता.

राखणदाराने दार सरकवलं आणि आत ऊन आलं.

आम्ही बाहेर आलो. पुढचं मी पन्नास जणांना तरी सांगितलं असेल, पण दर वेळी वाटतं, नीट सांगता आलं नाही. वर आभाळ निळंभोर होतं. पण निळं तेवढं आमच्या डोक्यावरच, गोल, विहिरीच्या तळातून वर बघावं तसं. त्या निळ्याच्या भोवती, चारी बाजूंनी, पांढरेशुभ्र ढग उभे होते. आपण ढग आडवे बघतो. हे उभे होते, भिंतीसारखे, कुठे सुरू झाले आणि कुठे संपले ते मान पाठीला टेकेपर्यंत बघितलं तरी कळत नव्हतं. आणि ती सगळी भिंत हळूहळू फिरत होती. उन्हाने तिच्या कडा चमकत होत्या. पान हलत नव्हतं. हलायला झाडावर पानच उरलं नव्हतं.

खाली बघितलं तर खाडी नव्हती. पाणीच नव्हतं तिथे. काळा चिखल, त्यात कलंडलेल्या दोन होड्या, मध्ये मध्ये तडफडणारी मासळी. पार तोंडापर्यंत, जिथे समुद्र दिसायला हवा तिथपर्यंत, नुसती ओली वाळू. आणि त्या सगळ्यातून केवणीचा बांध सरळ, कोरडा, वाट बघत असल्यासारखा पलीकडे गेलेला.

"देवा," माटलमामा म्हणाले. हात जोडले त्यांनी. मग ते एकदम भानावर आले. "कुऱ्हाडी आणा. आंबा कापा. वादळ गेलं."

पुरुषांनी कारखान्यातल्या दोन कुऱ्हाडी आणि करवत घेतली. मोठं खोड कापायची गरज नव्हती. फांद्या तोडल्या तर शेंड्याकडून गाडी निघेल एवढी जागा होती. घाम गाळून अर्ध्या तासाच्या आत त्यांनी वाट केली. तेवढ्यात आम्ही बायकांनी भुवडांना गाडीत नेऊन बसवलं. गाडीच्या तीन काचा फुटल्या होत्या, बाकी ती शाबूत होती.

सगळे चढले. फक्त अब्बास सारंग चढला नाही. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, तोंड वर करून. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, पांढरी दाढी, आणि गालांवरून पाणी वाहतंय.

"चाचा, चला."

त्याने माझ्याकडे बघितलं. "बाय, हे गेलं नाय. हे अर्धं झालं. आपण त्याच्या पोटात हाव. मगाशी डोंगरावरनं होता, आता उलटा येल, दर्यावरनं. दर्या गेलाय तो परत येल त्याच्याबरोबर."

गाडीतून कुणीतरी हसलं. सारंग तरुणपणी आगबोटीवर कामाला होता, आणि त्याच्या वादळाच्या गोष्टी वेळण्यात सगळ्यांना पाठ होत्या. आंधळं वादळ, वादळाचा डोळा, डोळ्यातलं ऊन. लग्नात, मयतीत, कुठेही तो त्या सांगायचा.

"सारंग, गोष्टी घरी जाऊन सांग," माटलमामा ओरडले. "शिगवणबाई, बेल द्या. पाच मिनिटांत बांध ओलांडतो."

"कधी येल उलटा?" मी सारंगला विचारलं.

"ते खुदा जाणे. आता येल, तासाने येल."

शेवंती माझ्या पायाशी येऊन बसली होती. गाडीच्या पायरीवर. "ताई, त्यांच्या छातीत पाणी भरलंय. ऐका ना कसा श्वास येतोय. पलीकडे दवाखाना आहे. ऊन पडलंय हो ताई, बघा तरी, ऊन पडलंय."

मी गाडीत चढले. सतरा माणसं माझ्याकडे बघत होती. समोर कोरडा रस्ता होता, वर निळं आभाळ. आणि मला थांबा सांगणारा एकटा म्हातारा, ज्याच्या कुठल्याही गोष्टीवर कुणी कधी विश्वास ठेवला नव्हता. मी दोरीला हात घातला.

एक टोला दिला.

दोन टोले म्हणजे निघा. एक म्हणजे थांबा. मला दोन द्यायचे होते. हे मी पुढे कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. सगळे म्हणायचे, बाईने निश्चयाने एकच टोला दिला. तसं नव्हतं. दुसऱ्या टोल्यासाठी दोरी ओढणार एवढ्यात समोरच्या काचेतून मला पक्षी दिसले.

रस्ताभर पक्षी बसले होते. मघाशी इतक्या गडबडीत माझं लक्षच गेलं नव्हतं. गाडीच्या बॉनेटवर होते, आंब्याच्या तोडलेल्या फांद्यांवर होते, रस्त्यात उभ्या सारंगच्या पायांशी होते. आमच्या किनाऱ्यावरचे बगळे, घारी नव्हेत. लांब टोकदार पंखांचे, काळे, मी आयुष्यात कधी न बघितलेले, खोल समुद्रातले. ते माणसांना भीत नव्हते. सारंगने एकाला पायाने सरकवलं तरी तो उडाला नाही, नुसता बाजूला सरकून पंख मिटून बसला. एवढं स्वच्छ आभाळ वर होतं, आणि त्यातला एकही उडून जात नव्हता.

माझा हात दोरीवरच राहिला.

"दुसरा द्या!" माटलमामा म्हणाले.

"नाही देत."

"काय?"

"गाडी जाणार नाही, मामा. सगळे खाली उतरा. आत चला."

जो गलका झाला तो सांगण्यासारखा नाही. माटलमामा जागेवरून उठून माझ्यासमोर आले. तीन वर्षांत त्यांनी मला कधी अगंतुगं केलं नव्हतं, तेव्हा केलं. "तू काल आलीस या रस्त्यावर. तो माणूस मरेल. तुझ्या माथी मरेल. उद्या मी लेखी देईन, तुझ्या माथीच देईन."

"द्या," मी म्हटलं. "पण बेलशिवाय गाडी हलणार नाही."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. चावी त्यांच्याकडे होती. त्यांना गाडी नेता आली असती. पण तीस वर्षं बेलवर गाडी हाकलेला माणूस होता तो. त्यांनी चावी काढली, खिशात टाकली आणि भुवडांना पुन्हा पाठीवर घेतलं.

आम्ही आत गेलो. दार लावलं. आणि काहीही झालं नाही.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. दाराच्या फटीतून उन्हाची सरळ पट्टी जमिनीवर पडली होती आणि सगळे त्या पट्टीकडे बघत बसले होते. कुणीतरी म्हणालं, "एव्हाना हमरस्त्याला लागलो असतो." शेवंती भुवडांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "हे गेले तर तुमच्या दारात आणून ठेवीन ताई." तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणून ते जास्त लागलं. मला वाटलं, उठावं, दार उघडावं, चला म्हणावं. मी उठलेही.

तेवढ्यात जमिनीवरची उन्हाची पट्टी विझली.

मग आवाज आला. दळणाची शंभर जाती एकदम फिरावीत तसा घरघरत, जमिनीतून तळव्यांत आधी आणि मग कानांत. तो समुद्राकडून येत होता. मी आणि माटलमामा दोघांनी फटीला डोळे लावले. समोरची पांढरी भिंत खाली आली होती, खाडीच्या तोंडाशी उभी होती, आणि तिच्या पायाशी एक रेघ. ती रेघ जाड होत गेली. ते पाणी होतं. लाट नव्हे, लाट फुटते. हे फुटत नव्हतं, सगळा समुद्र एकाच वेळी उठून उभा राहून चालत आल्यासारखा येत होता. चिखलातल्या होड्या त्याने अलगद उचलल्या. मग तो बांधाला लागला. एक क्षण बांध दिसला, डांबराची काळी पट्टी पाण्यावर उचललेली, सापासारखी वाकलेली. मग ती दिसली नाही.

आणि मग वारा आला आणि काहीच दिसेनासं झालं.

माटलमामा दारापासून मागे सरकले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, पण ते काय म्हणत होते ते त्या आवाजात मला कळलं नाही.

दुसऱ्या वेळचं वादळ पहिल्यापेक्षा मोठं होतं. लोखंडी दार आत वाकलं. सगळे पुरुष पाठ लावून दाराला रेटून बसले. मी भुवडांच्या उशाशी बसून लादी फोडत होते आणि शेवंती माझ्या हातातून कपच्या घेत होती. आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो.

चार वाजता जोर ओसरला. सारंग माझ्याजवळ सरकून बसला. अजून त्याचे डोळे ओले होते.

"चाचा, तुम्हाला भीती नाही वाटली? तुम्ही तर आधी बघितलेलं."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "बाय, मी कुठं बघितलेलं? मी आगवाला होतो. बोटीच्या पोटात, भट्टीशी. वर वादळ होतं तेव्हा खाली आम्हाला नुसतं हिंदकळायचं. एकदम थांबलं. वरचे खलाशी ओरडत होते, ऊन आलं, ऊन आलं, या बघायला. साहेबानं सोडलं नाय. भट्टी विझली तर बोट गेली. वरून आलेल्यांनी सांगितलं ते ऐकलं. पन्नास वर्षं तेच सांगत आलो, मी बघितलं म्हणून." त्याने डोळे पुसले. "आज बघितलं. ते बोलले होते त्याच्याहून मोठं हाय."

मी त्याच्या हातात बर्फाचा एक तुकडा ठेवला. तो त्याने तोंडात टाकला.

संध्याकाळ आणि रात्र आम्ही तिथेच काढली. भुवडांना पालथं पडता येत नव्हतं, उताणं पडता येत नव्हतं. माटलमामांनी त्यांना आपल्या छातीला टेकवून, बसतं धरून ठेवलं, उजाडेपर्यंत. शेवंतीने मध्ये एकदा "मी धरते" म्हटलं तर ते म्हणाले, "तुम्ही पडा वहिनी."

सकाळ स्वच्छ उजाडली. आम्ही भुवडांना बर्फाच्या लाद्या वाहायच्या फळीवर निजवून उतार उतरलो. काळे पक्षी गेले होते. उताराच्या पायथ्याशी बांध सुरू होत होता, आणि तीस पावलांवर संपत होता. पुढे हजारभर पावलं काहीच नव्हतं. नुसतं संथ पाणी, त्यात आभाळ. पार पलीकडच्या काठाशी बांधाचा दुसरा तुकडा दिसत होता.

माटलमामा कडेपर्यंत गेले. तिथे उभे राहून त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग मान फिरवून आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे. मोजत होते बहुतेक. मग परत येऊन त्यांनी फळीचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं.

जवळच्या वाडीतल्या खारवी मच्छीमारांची एक होडी शेतात जाऊन पडली होती, पण फुटली नव्हती. त्यांनी ती ओढून आणली. भुवड, शेवंती आणि मी, एवढेच त्या फेरीत बसलो. होडी निघाली तसं शेवंतीने भुवडांचे दोन्ही पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवले आणि स्वतः त्यांचं डोकं धरलं. ते पाय बर्फासारखे गार होते. मी ते चोळत राहिले. भुवड त्या दिवशी दुपारी दवाखान्यात पोचले, आणि त्यानंतर चार वर्षं माझ्या गाडीने जात राहिले. पण तेव्हा होडीत आम्हाला हे ठाऊक नव्हतं.

पलीकडचा काठ जवळ यायला लागला तशी तिथे पाण्यात माणसं दिसली. पंचवीस-तीस असतील. छातीइतक्या पाण्यात रांगेने उभी, प्रत्येकाच्या हातात लांब बांबू. एक पाऊल पुढे टाकायची, बांबू खाली चिखलात खोल खुपसायची, थांबायची, उपसायची, पुन्हा एक पाऊल. पहाटेपासून चालू असावं ते. काठावर बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

त्यातल्या सगळ्यात जवळच्या माणसापाशी होडी आली. वयस्कर, अनोळखी माणूस. त्याने वर न बघताच बांबू खुपसला.

"काका, काय शोधताय?" मी विचारलं.

"वेळण्याची गाडी," तो म्हणाला. "काल दुपारी ऊन पडलं तेव्हा उतारावर उभी दिसली होती इथनं. निघायच्या बेतात होती. नंतर दिसली नाही."

मग त्याने मान वर केली. माझा खाकी गणवेश बघितला, बिल्ला बघितला. त्याचा बांबू हातातून सुटला आणि पाण्यावर आडवा तरंगत गेला.

"काका," मी म्हटलं, "गाडी वर आहे. माणसं सगळी आहेत."

त्याने वळून मागे हाक दिली. काय ओरडला ते त्याच्या रडण्यात कळलं नाही. पण रांगेतला एकेक बांबू चिखलातून वर आला, आणि मग पाण्यातली ती सगळी माणसं आमच्याकडे चालत यायला लागली.